कृष्णविवराची सावली चुंबक पाडत नाही

एम87 दीर्घिकेच्या केंद्रातल्या कृष्णविवराचं ते चित्र पुन्हा फिरतंय. नारिंगी कडं आणि त्यावर विंचरल्यासारख्या बारीक रेघा. सोबतचा मजकूर साधारण असा: कृष्णविवर हा महाचुंबक आहे, तो प्रकाश ओढून घेतो म्हणून मधे काळी सावली दिसते, रेघा म्हणजे त्या चुंबकाच्या बलरेषा, आणि विवर स्वतःभोवती फिरत असल्याने हे क्षेत्र इतकं वाढतं की सावलीचा आकारच बिघडतो. सावली पाडणारा महाचुंबक आणि बलरेषांच्या रेघा, ही पहिली दोन विधानं सरळ चूक आहेत. तिसऱ्यात मात्र थोडं खरं अडकलेलं आहे, म्हणून हा खटाटोप.

महाचुंबकाचं लवकर आटोपतं. प्रकाशकणावर विद्युतभार नसतो, त्यामुळे चुंबक त्याची वाट वळवत नाही. जुन्या स्पीकरमधला चुंबक काढून टॉर्चच्या झोतापाशी धरा, भिंतीवरचा ठिपका जागचा हलणार नाही. सावली पाडतं ते गुरुत्वाकर्षण. आणि चुंबकत्व विवराच्या पोटातून निघत नाही. भोवती गरगरणाऱ्या तप्त, विद्युतभारित वायूतल्या प्रवाहांमधून ते तयार होतं.

आता रेघा. 10 एप्रिल 2019 ला पहिलं चित्र आलं तेव्हा त्या नव्हत्याच. 2017 च्या त्याच निरीक्षणांमधून प्रकाशाचं ध्रुवीकरण वेगळं काढून, मार्च 2021 मध्ये रेघांचं चित्र प्रसिद्ध झालं. रेघ सांगते की त्या ठिकाणाहून आलेल्या प्रकाशाची कंपनं कोणत्या दिशेत आहेत. बलरेषेभोवती घिरट्या घालणारे इलेक्ट्रॉन जो प्रकाश सोडतात, त्याची कंपनं बलरेषेला काटकोनात असतात. म्हणजे लोक ज्याला बलरेषा समजून पुढे पाठवतायत, ती ढोबळमानाने तिला आडवी जाणारी दिशा! त्यात वाटेतला वायू ही दिशा आणखी फिरवतो, गुरुत्वाकर्षण मार्ग वाकवतं. हा सगळा गुंता सोडवून चुंबकीय क्षेत्राच्या तीव्रतेचा हाती आलेला आकडा होता 1 ते 30 गॉस (गॉस हे ती तीव्रता मोजण्याचं एकक). पृथ्वीचं क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास आहे, आणि फ्रिजच्या दारावर चिठ्ठी धरून ठेवणारा चुंबक या 30 गॉसलाही सहज मागे टाकतो.

तिसरा मुद्दा हा आकडा लक्षात ठेवून वाचायला हवा. चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा असते, आणि सापेक्षतावादानुसार ऊर्जा अवकाश वाकवते. त्यामुळे पुरेसं जबर क्षेत्र सावली खरोखर बदलू शकतं. 1976 मध्ये अर्न्स्ट आणि वाइल्ड या भौतिकशास्त्रज्ञांनी चुंबकीय क्षेत्रात बुडालेल्या फिरत्या कृष्णविवराचं गणित मांडलं. अशा विवरांच्या सावल्यांची आकडेमोड आजही होते, आणि ती चोखच असते. पण त्यासाठी क्षेत्र किती लागतं? एम87 चं विवर साडेसहाशे कोटी सूर्यांच्या वजनाचं. त्याच्याभोवतीचं अवकाश चुंबकाने लक्षणीय वाकवायचं तर शेकडो कोटी गॉस हवेत. आपल्याकडे आहेत फार तर 30. शिवाय परिणाम क्षेत्राच्या वर्गाप्रमाणे घटतो, म्हणजे क्षेत्र दहापट कमी तर परिणाम शंभरपट कमी. उरतं काय, तुम्हीच बघा.

सावलीचा आकार बिघडवतं ते फिरणंच, चुंबकाच्या मध्यस्थीशिवाय. विवर अवकाशाला आपल्यासोबत फरफटत नेतं. फिरण्याच्या दिशेने जाणारा प्रकाश विवराच्या बराच जवळून निसटतो, उलट दिशेचा लांबूनच अडकतो. त्यामुळे वेगाने फिरणाऱ्या विवराची सावली बाजूने पाहिली तर एका अंगाला चपटी, इंग्रजी डी अक्षरासारखी दिसते. एम87 कडे आपण जवळजवळ अक्षाच्या दिशेने, अंदाजे 17 अंशांवरून पाहतो, म्हणून तिथे हा चपटेपणा दिसायचाही नाही. फिरण्यामुळे सावलीच्या व्यासात पडणारा फरक चार-पाच टक्क्यांच्या आत राहतो. कड्याच्या व्यासाचं मोजमाप मात्र 42 मायक्रोआर्कसेकंद (आकाशातल्या कोनाचं अतिसूक्ष्म एकक), अधिकउणे 3, म्हणजे मोजण्यातली अनिश्चितताच सात टक्क्यांच्या आसपास, त्या फरकाहून मोठी.

याचा अर्थ चुंबकत्व बिनकामाचं आहे असा नाही, आणि हे सांगितलं नाही तर उद्या उलटा संदेश फिरेल. कड्याचा उजेडच मुळी त्या घिरट्या घालणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा. विवरात कोसळणाऱ्या वायूला क्षेत्र अडवून धरतं. 1977 मध्ये ब्लँडफर्ड आणि झ्नायेक या भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवलं, की विवराच्या फिरण्यातली ऊर्जा बलरेषांमार्फत बाहेर काढता येते. एम87 मधून निघालेला हजारो प्रकाशवर्षं लांबीचा वेगवान कणांचा झोत याच मार्गाने पोसला जातो असं मानतात.

सावली आणि चुंबक यांची फारकत तर आकाशानेच करून दाखवली. 2017 मध्ये एका दिशेने वळलेली ध्रुवीकरणाची नक्षी 2021 च्या निरीक्षणांत चक्क उलट दिशेला वळलेली सापडली. कड्याचा व्यास मात्र होता तेवढाच राहिला.