पायथॉन तेच, मग गाडी अडते कुठे?

सध्या एक फॉरवर्ड जोरात फिरतोय: “पायथॉन येतं त्याला विंडोज काय नि लिनक्स काय! कोड तोच, फक्त शॉर्टकट बदलतात. अडलंच तर डॉकर आहे. ज्याला वेळ लागतो त्याला मुळात प्रोग्रामिंगच येत नाही.” (पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा. डॉकर म्हणजे प्रोग्राम त्याच्या सगळ्या सामानासकट एका डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, भरून चालवायची सोय.) अंधेरीच्या आमच्या ऑफिसात नव्या पोरांना हे ऐकवलं जातं, म्हणून लिहितोय.

कोड तोच? विंडोजवर आठ वर्षं काढून मी लिनक्सवर आलो, तर पहिल्याच दिवशी रोजची स्क्रिप्ट ‘अशी फाइल नाही’ म्हणून अडून बसली. फाइल डोळ्यांसमोर! परवानग्या तपासल्या, पायथॉन पुन्हा टाकलं. शेवटी शेजारच्या ताईंनी एररमध्ये पायथॉनच्या नावाला चिकटलेलं एक चिन्ह दाखवलं. विंडोजवर ओळ दोन अदृश्य चिन्हांनी संपते, लिनक्सवर एकाने. स्क्रिप्ट कुठल्या प्रोग्रामने चालवायची, ते नाव तिच्या पहिल्या ओळीत असतं; विंडोजवरचं ते जादा चिन्ह त्या नावाला चिकटलं आणि लिनक्स त्या भलत्याच नावाचा प्रोग्राम शोधत बसलं. पायथॉन बिचारं सुरूच झालं नव्हतं.

उलट दिशेची, लिनक्सवरून विंडोजवर येतानाची गंमत तर खास आपल्या मराठीची. एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत, न सांगता फाइल उघडली, तर पायथॉन ३.१४ पर्यंत विंडोजवर जुना कोडपेज, म्हणजे कुठल्या बाइटचं कुठलं अक्षर याचा तक्ता, धरला जातो, आपल्याकडे बहुतेकदा १२५२ क्रमांकाचा. स्टेशनांची यादी वाचायला घ्या. ‘दादर’ म्हणजे यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये १२ बाइट. त्यांची १२ परकी अक्षरं होतात आणि कुणी हूं की चूं करत नाही. ‘कुर्ला’ आलं की मात्र प्रोग्राम कोसळतो, कारण उकाराच्या शेवटच्या बाइटला त्या तक्त्यात अक्षरच नाही. म्हणजे एकाच यादीत दादर गुपचूप बिघडतं आणि कुर्ला बोंब मारतं. मला विचाराल तर कुर्लाच बरं.

फक्त शॉर्टकट? डिसेंबर २०२३ मध्ये दादरला मध्य रेल्वेच्या फलाटांचे आकडे ८ पासून सुरू झाले. स्टेशन तेच, पूलही तेच, पण रोजच्या माणसाचे पाय जुन्याच आकड्याकडे वळायचे. शॉर्टकटचंही तसंच, पण तेवढ्यापुरतंच, ते चार दिवसांत बसतात. फाइलच्या नावातलं लहान-मोठं अक्षर मात्र विंडोज सहसा चालवून घेतं नि लिनक्स घेत नाही, हे हाताला नाही, डोक्याला शिकवावं लागतं.

डॉकर उपयोगी आहे, वाद नाही. पण विंडोजचं फोल्डर कंटेनरला जोडलंत, की ओळीच्या शेवटचं ते चिन्हही आत येतं.

राहता राहिलं ‘प्रोग्रामिंग येत नाही’. त्याच ताई गेल्या महिन्यात मॅकवर गेल्या. सेड हे फाइलमधला मजकूर बदलायचं छोटं साधन. लिनक्सवर फाइल जागच्या जागी बदलणारी त्यांची सेडची कमांड तिथे चालेना. मॅकचं सेड वेगळ्या, बीएसडी नावाच्या सिस्टिमच्या घराण्यातलं. त्याला ‘जागच्या जागी बदल’ या पर्यायापुढे बॅकअप फाइलच्या नावाला जोडायचा प्रत्यय लागतो, रिकामा का होईना. अर्धा तास गेला. त्यांना प्रोग्रामिंग येत नाही हे फॉरवर्डवाल्यांनी एकदा आमच्या मजल्यावर येऊन म्हणून दाखवावं.