कंबर माझी, दुखणंही खरंच

एक मजकूर सगळीकडे फिरतोय: ‘कंबरदुखीवर डॉक्टरांनी माइंडफुलनेस सुचवलं, म्हणजे तुमचं दुखणं खोटं ठरवलं. मणक्याचं दुखणं श्वास बघत बसून जात नसतं. आणि विश्वास नसेल तर त्या वाटेला जाऊच नका.’ माइंडफुलनेस म्हणजे आपला श्वास आणि अंगातल्या संवेदना, त्यांना बरं-वाईट न ठरवता, लक्ष देऊन बघण्याचा सराव. सहा वर्षं कंबर दुखतेय माझी. हे वाचून कोणी करून बघायचंच सोडून देईल, याचं मला वाईट वाटतं.

आधी ‘खोटं ठरवलं’ हे. मोजा घालायला वाकण्याआधीच माझा श्वास अडकायचा, दात आवळले जायचे, खांदे वर चढायचे. कळ अजून आलेलीही नसायची. ती येणार या धास्तीने अंग ताठायचं आणि ताठलेलं अंग आणखी दुखायचं. यात खोटं काय आहे? वेदनेच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संघटनासुद्धा आपल्या व्याख्येत वेदनेला शारीरिक संवेदना आणि भावना, दोन्हींचा अनुभव म्हणते. माइंडफुलनेसच्या सरावात नेमकं ते ताठणं वेळीच ओळखायला शिकवतात.

‘मणक्याचं दुखणं’ म्हणताना लोक एमआरआयचा रिपोर्ट पुढे करतात. मीही करायचे. पण ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशांच्या तपासण्यांचा 2015 मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. विशीतल्या 37 टक्के लोकांत मणक्यांमधल्या गादीची झीज दिसली, ऐंशीच्या घरात 96 टक्के. म्हणजे झीज दिसली की दुखण्याचं कारण सापडलंच, असं नाही.

दुखणं ‘जात नाही’ हे मात्र बऱ्याच अंशी खरं आहे, ते मान्य करायलाच हवं. 2016 मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अमेरिकेतल्या चाचणीत जुनी कंबरदुखी असलेले 342 जण होते. 26 आठवड्यांनी माइंडफुलनेसच्या गटातल्या सुमारे 61 टक्के लोकांची रोजची हालचाल लक्षणीय सुधारली होती. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत 44 टक्क्यांची. विचार आणि वागणूक बदलण्यावर भर देणाऱ्या मानसोपचाराचा फायदाही जवळपास तेवढाच. जादू नाही, पण ज्याला सकाळी उठून बसायलाच दहा मिनिटं लागतात त्याच्यासाठी हा फरक लहान नाही.

पायातली ताकद जात असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल किंवा ताप येत असेल, तर आधी डॉक्टर. अशा वेळी वाट बघत बसू नका.

राहिला विश्वास. अमेरिकेतले संशोधक जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये माइंडफुलनेसचा हा कार्यक्रम (आता तो आठ आठवड्यांचा असतो) सुरू केला, तेव्हा त्यांच्याकडे येणाऱ्यांत इतर उपचारांनी आराम न पडलेले बरेच होते. वर सांगितलेल्या चाचणीत तर आठपैकी किमान सहा सत्रांना आलेले जेमतेम निम्मे होते, आणि न आलेल्यांना धरूनच ते आकडे निघालेत. शंका असली तरी सुरुवात करता येते. मी पहिले तीन आठवडे चिडचिड करतच डोळे मिटून पडायचे. चौथ्या आठवड्यात एका सकाळी मोजा पायात चढला आणि मग लक्षात आलं, वाकताना श्वास चालूच होता. कंबर तेव्हाही दुखत होती.