ग्राइंडरचा स्विच ‘डायरेक्ट’ करण्याचा सल्ला आणि वॉरंटीबद्दलचे गैरसमज

फॅब्रिकेशन, सुतारकाम आणि प्लंबिंग करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक लांबलचक संदेश फिरत आहे. ‘नवीन मशीन बिघडले तर सर्व्हिस सेंटरच्या नादी लागू नका’ असे त्याचे शीर्षक आहे. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: विकलेला माल दुकानदार परत घेत नाही, खोके फेकले किंवा कार्डावर शिक्का नसला की वॉरंटी गेली, वॉरंटीत तसेही काही मिळत नाही, धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागू होत नाही, आणि ग्राइंडरचा (लोखंड कापण्या-घासण्याच्या हातातल्या मशीनचा) स्विच अडकत असेल तर तो काढून वायरी थेट जोडाव्यात व मशीन बोर्डाच्या बटणावरून चालवावे. माझ्या भाच्याने नुकताच चार इंची ग्राइंडर घेतला होता आणि त्याचा स्विच पहिल्याच आठवड्यात अडकू लागला होता. हा संदेश वाचून तो मशीन खोलायला बसला, म्हणून हे सविस्तर लिहिणे भाग पडले.

सर्वांत घातक मुद्दा शेवटचा आहे, म्हणून आधी तोच घेतो. स्विच ‘डायरेक्ट’ करणे ही आपल्याकडे रुळलेली पद्धत आहे, पंपाला आणि पंख्यालाही ती सर्रास वापरली जाते. परंतु ग्राइंडरच्या बाबतीत ती जिवावर बेतू शकते. चार इंची ग्राइंडर मोकळा फिरताना मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. शंभर मिलिमीटर व्यासाच्या व्हीलची, म्हणजे फिरणाऱ्या चकतीची, कड त्या वेळी ताशी २०० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने धावत असते. लोखंडी अँगल कापताना व्हील फटीत अडकले की मशीन हाताला झटका देऊन उसळते, आणि त्या क्षणी कारागिराच्या हाती एकच उपाय असतो, तो म्हणजे बोटाखालचे बटण मागे सोडणे. हे बटण निकामी करून नियंत्रण आठ-दहा फुटांवरच्या बोर्डाकडे देणे म्हणजे दोन्ही हातांत उसळणारे मशीन धरून भिंतीपर्यंत चालत जाण्याची तयारी ठेवणे होय. संदेश लिहिणाऱ्याने हे काम स्वतः कधी केले असेल, असे मला वाटत नाही.

त्यात आपल्याकडची वीज. काम चालू असताना लाईट जाते, कारागीर मशीन पत्र्यावर ठेवून चहाला जातो, आणि बोर्डाचे बटण चालूच राहते. लाईट आली की कोणी हात न लावता ते मशीन जागेवरून पळू लागते. स्विच धड असलेल्या ग्राइंडरमध्येही बटण पुढे अडकवून ठेवले असेल तर हा धोका असतोच, पण तिथे मशीन खाली ठेवण्यापूर्वी ते बंद करणे कारागिराच्या हातात असते. डायरेक्ट केलेल्या मशीनमध्ये ती सोयच उरत नाही. व्हील बदलताना कोणी चुकून बोर्ड चालू केला तर काय होईल, हे प्रत्येकाने स्वतःच्या बोटांकडे पाहून ठरवावे.

या सल्ल्याचे कायदेशीर नुकसानही तितकेच मोठे आहे. बहुतेक छोट्या ग्राइंडरमध्ये बाजूच्या सरकत्या बटणापासून मागच्या स्विचपर्यंत प्लॅस्टिकची एक लांब पट्टी जाते. ती नीट बसली नसेल किंवा वाकलेली असेल तर बटण मागे येत नाही. नव्या मशीनमधला हा उघडउघड उत्पादनदोष आहे. परंतु तुम्ही मशीन खोलून वायरी जोडल्या की दोष कोणाचा, हे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य होते. मशीन बाहेर खोलले आहे, या एका कारणावरून सर्व्हिस सेंटर वॉरंटी नाकारते. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८७ प्रमाणे इजा झाली त्या वेळी वस्तूत फेरफार केलेला असेल, तर विक्रेत्याविरुद्ध उत्पादन दायित्वाचा, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेच्या भरपाईचा, दावा करता येत नाही. म्हणजे बोटही जायचे आणि हक्कही जायचा.

आता दुकानदाराची गोष्ट. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे वाक्य बिलावर छापले की विषय संपला, असा समज दुकानदारांनी वर्षानुवर्षे पसरवला आहे. त्याच कायद्याच्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. सदोष वस्तू परत घेण्यास आणि बिलात दिलेल्या मुदतीत, अशी मुदत दिलेली नसल्यास ३० दिवसांत, पैसे परत करण्यास नकार देणे, ही त्या यादीतली एक प्रथा आहे. म्हणजे हे वाक्य छापून दुकानदार सदोष मालाच्या जबाबदारीतून सुटत नाही. रंग आवडला नाही किंवा दुसरीकडे स्वस्त मिळाले, म्हणून परत करण्याचा हक्क या तरतुदीत नाही, एवढे मात्र मान्य करावे लागेल. माझ्या भाच्याला दुकानदाराने ‘आमचा संबंध नाही, कंपनीकडे जा’ असे सांगितले. दुरुस्तीसाठी सर्व्हिस सेंटरकडे पाठवणे समजू शकते, पण ‘संबंध नाही’ हे उत्तर चुकीचे आहे.

खोके आणि शिक्का यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. दोषाचा खोक्याशी काहीही संबंध नसतो. खरेदीची तारीख दाखवणारे बिल आणि मशीनच्या पट्टीवरचा सिरियल नंबर, या दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. ज्यांनी थोडे पैसे वाचवण्यासाठी कच्च्या चिठ्ठीवर माल घेतला, त्यांची बाजू अर्थातच कमकुवत होते. तरीही बिल न देणे हीसुद्धा कलम २(४७) प्रमाणे अनुचित प्रथाच आहे, आणि यूपीआयने पैसे दिले असतील तर ती नोंद पुरावा म्हणून उपयोगी पडते.

‘वॉरंटीत काहीच मिळत नाही’ या म्हणण्यात अर्धे सत्य आहे. कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे), व्हील आणि झिजणारे इतर भाग साधारणपणे वॉरंटीत येत नाहीत. जास्त दाब दिल्यामुळे आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, जळाले असेल तर कंपनी तेही नाकारते, आणि अनेकदा तिचे म्हणणे बरोबर असते. पॉवर टूलची वॉरंटी बऱ्याचदा सहा महिन्यांचीच असते, आणि काही कंपन्या ठरावीक दिवसांत नोंदणी केली तरच ती वाढवून देतात. ही नोंदणी लोक करत नाहीत. पण पहिल्याच आठवड्यात अडकणारा स्विच झिजण्यात मोडत नाही.

धंद्याच्या वस्तूचा मुद्दा मात्र मुळापासून समजून घेतला पाहिजे, कारण यात अनेक कारागीर फसतात. व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही, हे कायद्यात खरोखरच लिहिलेले आहे. संदेश तिथेच थांबतो. त्याच कलम २(७) च्या स्पष्टीकरणात पुढे असे म्हटले आहे की, स्वयंरोजगारातून केवळ उपजीविका मिळवण्यासाठी वस्तू घेऊन ती स्वतः वापरणे हे व्यापारी कारण मानले जाणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात हीच रेषा आखून दिली. त्या खटल्यातील खरेदीदार मोठ्या प्रमाणावर उत्पादन करणारा असल्यामुळे हरला, परंतु आपले यंत्र स्वतः चालवून पोट भरणारा माणूस ग्राहकच असतो, हे न्यायालयाने स्पष्ट केले. एका ग्राइंडरवर आणि एका वेल्डिंग मशीनवर घर चालवणारा माझा भाचा यात निःसंशय बसतो. वीस कामगारांच्या वर्कशॉपसाठी घाऊक मशीन घेणाऱ्याने मात्र याच्या भरवशावर राहू नये.

वकील आणि खर्च यांची भीतीही अवास्तव आहे. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागल्यास पाच महिन्यांत द्यावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडतात, हे मी नाकारत नाही. म्हणूनच आयोगाकडे जाण्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. ती मोफत आहे.

अशा वेळी करायचे ते काम छोटे आहे. मशीन खोलू नये. बटण मागे ओढूनही व्हील फिरत राहते, याचे चित्रीकरण दुसऱ्याकडून करून घ्यावे, आणि मग प्लग काढून मशीन बाजूला ठेवावे. सर्व्हिस सेंटरमध्ये जॉब शीट, म्हणजे तक्रार लिहिलेली पावती, घेतल्याशिवाय मशीन सोडू नये. त्या शीटवर काय लिहिले जाते, ते तिथेच उभे राहून वाचावे. भाच्याच्या शीटवर काउंटरवरच्या माणसाने आधी ‘जनरल चेकिंग’ एवढेच लिहिले होते. ते खोडून त्याने ‘स्विच चालू स्थितीत अडकतो, बंद होत नाही’ असे लिहून घेतले, आणि खाली तारीख व सिरियल नंबर घातल्यावरच मशीन ताब्यात दिले.