पाच सप्तकं आणि माझी साडेतीन सप्तकांची पेटी

गेल्या महिन्यात एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. सोसायटीच्या ग्रुपवर, कराओकेवाल्यांच्या ग्रुपवर, एका मेव्हण्याकडून, आणि शेवटी क्लासच्या एका मुलीकडून, खाली "सर, खरंय का हे?" असं लिहून. वर सोनेरी अक्षरांत 'आवाजाचं विज्ञान'. खाली दावे असे: सामान्य माणसाला एकच सप्तक गाता येतं, महान गायकांना पाच, आणि ज्याची सप्तकं जास्त तो मोठा. लताबाई सोप्रानो (बायकांचा उंच आवाज), रफीसाहेब टेनर (पुरुषांचा उंच), किशोरकुमार बॅरिटोन (पुरुषांचा मधला), आणि हा प्रकार जन्मतः ठरतो, कधी बदलत नाही. उंच सूर लावणं हेच खरं कसब. आपला प्रकार कोणता हे फोनवरचं अ‍ॅप सांगतं. तळाला अर्थातच 'दहा जणांना पाठवा'.

मी पार्ल्यात पेटी शिकवतो, साथीला जातो. गायक समोर बसला की माझा पहिला प्रश्न "पट्टी कोणती?", म्हणजे तुमचा सा पेटीच्या कुठल्या पट्टीवर धरायचा? या विषयातला माझा अधिकार तेवढाच, पण त्या एका प्रश्नावर तीस वर्षं घर चाललंय.

सप्तकांपासून सुरुवात करू. एका सापासून वरच्या सापर्यंत एक सप्तक. माझी पेटी साडेतीन सप्तकांची, ४२ पट्ट्यांची. आजवर एकाही गायकासाठी ती मला अपुरी पडलेली नाही. एक सप्तक वर जायचं म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं दुप्पट करायची. पाच सप्तकं म्हणजे पाचदा दुप्पट, बत्तीस पट. एखाद्या बाईंचा सर्वांत खालचा सूर सेकंदाला १५० कंपनांचा धरा. तिथून पाच सप्तकं वर गेलं की होतात ४८००. पियानोची अगदी उजवीकडची शेवटची पट्टी ४१८६ वर संपते! लताबाईंचं एखादं गाणं त्या पट्टीच्याही पलीकडे जातं, असं मेसेज लिहिणाऱ्याला म्हणायचंय का? त्यानं बहुधा पेटी कधी उघडून पाहिली नसावी.

शिट्टीसारखा अतितार सूर लावणारे गायक असतात, अमेरिकन गायिका मराया कॅरी त्यासाठीच प्रसिद्ध आहे. पण गळ्यातून निघणारा प्रत्येक आवाज मोजायचा ठरवलं तर हिशेब कुठे जातो बघा. टिम स्टॉर्म्स नावाच्या अमेरिकन गायकाच्या नावावर गिनीजमध्ये दहा सप्तकांचा विक्रम आहे. २०१२ साली त्याचा सर्वांत खालचा सूर नोंदला गेला तो सेकंदाला ०.१८९ कंपनांचा, म्हणजे एकेक कंपन पुरं व्हायला पाच सेकंदांहून जास्त. माणसाच्या कानाला साधारण २० च्या खालचं ऐकूच येत नाही. गाणाऱ्यानं गायलं, यंत्रानं लिहून घेतलं, ऐकलं कुणीच नाही. विक्रम म्हणून थोर, मैफिलीत काय उपयोग?

आणि सामान्य माणसाचं एक सप्तक? क्लासला पहिल्या दिवशी येणारा माणूस, ज्यानं आरतीशिवाय कधी तोंड उघडलेलं नाही, तोसुद्धा थोडं धीरानं घेतलं तर दीड सप्तक फिरून येतो. बहुतेक भावगीतं आणि सिनेमाची गाणी तेवढ्यातच बसतात. मोठ्या गायकाची मोठी गोष्ट त्या दीड सप्तकाच्या आत घडते. लताबाईंना सुरुवातीला एका निर्मात्यानं नाकारलं ते आवाज पातळ म्हणून. सूर पोचत नाहीत अशी तक्रार कुणी केली नव्हती.

आता सोप्रानो-टेनरचं. हे शब्द ऑपेरातले. चर्नी रोडजवळचं आपलं रॉयल ऑपेरा हाऊस १९११ मध्ये उघडलं, बंद पडलं, २०१६ मध्ये पुन्हा सुरू झालं. आत जाऊन एकदा वरच्या गॅलरीत बसून बघा. तिथवर, मध्ये वाद्यवृंद वाजत असताना, माइकशिवाय आवाज पोचवायचा असतो. शिवाय रचनाकारानं लिहिलेली पट्टी सहसा हलत नाही. मग त्या सुरांत शेवटपर्यंत न दमता, भरीव आवाजात कोण गाईल, हे आधी ठरवावंच लागतं. त्या वर्गवारीत एखादा टोकाचा सूर लागतो की नाही याला फारसं महत्त्व नसतं. आवाज कुठे आरामात नांदतो, त्याचा पोत कसा आहे, छातीतून वर जाताना तो कुठे वळण घेतो, हे बघतात.

आपल्याकडे उलटं. आपला सा हलतो. गायक पट्टी सांगतो आणि सगळं गाणं त्या पट्टीवर येऊन बसतं. पुरुष बहुधा पांढरी एक, काळी एकच्या आसपास, बायका काळी चार, काळी पाच (ही नावं पेटीच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांवरून). काळी एकचा सा सेकंदाला साधारण १३९ कंपनांचा, काळी चारचा २०८ चा. प्रमाण जवळजवळ दोनास तीन, म्हणजे बाईंचा सा हा बुवांचा पंचम, प. बुवा आणि बाईंच्या पट्ट्यांमधल्या अशा अंतरावर पंडित जसराजांनी तर एक आख्खा प्रकार उभा केला, जसरंगी. बुवा त्यांच्या सावर एक राग गातात, बाई त्यांच्या सावर दुसरा, आणि सूर मात्र तेच. कुणी कुणाच्या पट्टीत ओढला जात नाही. लेबलं लावत बसण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं वाटतं मला.

बरं, लेबल लावायचंच तर लावून बघू. पाचगणीला शाळेत शिकलेला फारुख बलसारा, म्हणजेच 'क्वीन' या ब्रिटिश बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, याच्या आवाजाचा २०१६ मध्ये एक शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा मुलाखतींतला त्याचा बोलण्याचा सूर निघाला सेकंदाला ११७ कंपनांचा, हा बॅरिटोनचा. जग त्याला टेनर म्हणून ओळखतं. आणि त्याच्याही नावावर चार सप्तकं खपवली जातात, तर अभ्यासकांना खात्रीनं सापडले ३७ अर्धस्वर (एका सप्तकात बारा), म्हणजे तीन सप्तकं आणि वर एक अर्धस्वर. इतका मोठा गायक, आणि हिशेब माझ्या पेटीत मावतो.

किशोरकुमारांना बॅरिटोन म्हणून टाकताना त्यांच्या यॉडलिंगचं काय करायचं? छातीच्या आवाजातून फॉल्सेटोत, म्हणजे पातळ उंच आवाजात, झटकन उडी आणि परत खाली. मधे आवाज तुटतो ती जागा बाकीचे गायक जन्मभर लपवतात, यांनी तिचाच अलंकार केला.

उंच सूर म्हणजेच कसब, हा गैरसमज मात्र मेसेजवाल्याचा एकट्याचा नाही, त्यात आपल्या भाषेचाही हात आहे. 'आवाज चढला' म्हणजे सूर वर गेला की माणूस ओरडायला लागला? 'वरच्या आवाजात बोलू नकोस' म्हणणारी आई सप्तकाबद्दल बोलत नसते. मोठा आणि उंच, दोन्हीला एकच शब्द, त्यामुळे क्लासमध्ये "जरा वर घे" म्हटलं की मुलं जोर लावतात. सूर तिथेच राहतो, मानेच्या शिरा तेवढ्या वर येतात. खालचा सूर मात्र जोरानं लागत नाही. पहाटे उठून खर्ज, म्हणजे खालचे सूर, भरायचा रियाज उगाच नाही सांगितलेला. हेमंतकुमार, उषा उत्थुप यांच्या आवाजाची सगळी माया खालच्या अंगात आहे. माइक नसता तर तो खालचा, जवळून बोलल्यासारखा सूर थिएटरच्या शेवटच्या रांगेत पोचलाच नसता.

अ‍ॅपची गंमत मी स्वतः पाहिली. मेसेज पाठवणारी तीच मुलगी फोन घेऊन आली, "सर, सव्वातीन सप्तकं!" म्हटलं, पुन्हा करून दाखव. खाली जाता जाता एका जागी सूर संपला आणि दाराची बिजागरी करकरावी तसा आवाज सुरू झाला. अ‍ॅपनं तो मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला सूर, म्हणून जमा केला. वर जाऊन तिनं एक चीत्कार काढला, तोही जमा. मग मी गप्प बसून एकच पट्टी वाजवली, तर अ‍ॅपनं दोनदा एक सप्तक खालचा सूर दाखवला. यंत्रांची ही नेहमीची चूक. सूर ओळखतात, सप्तक चुकतात. खुसपटं काढून जे उरलं ते पावणेदोन सप्तकं, आणि त्यातलं गोड सव्वा. तिचं तोंड उतरलं. त्या सव्वामध्ये काय काय गाता येईल ते पुढचा तासभर गाऊन बघितलं, मग जरा सावरली.

जन्मतः ठरतं, यात थोडं तथ्य आहे. स्वरतंतूंचा कंप पावणारा भाग पुरुषात साधारण १६ मिलिमीटर, बाईत १०. रियाजानं तो लांबत नाही. पण 'कधी बदलत नाही' हे कुणी सांगितलं? वयात येताना मुलाचा आवाज फुटतो हे घरोघरी माहीत आहे. पाळी गेल्यावर पुष्कळ बायकांचा आवाज खाली उतरतो, ते मात्र कुणी बोलत नाही. गंगूबाई हनगल तरुणपणी पातळ, उंच आवाजात गात. गळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आवाज खर्जात गेला आणि त्याच आवाजानं त्या गंगूबाई झाल्या.

हे बोलत नाहीत म्हणून काय होतं, ते दादरच्या एका कराओके हॉलमध्ये बघितलं. बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू, वय साठीच्या पुढे. लताबाईंचं गाणं, ट्रॅक मूळ पट्टीतला. मुखडा बरा गेला, अंतऱ्यात आवाज चिरला. त्यांनी ट्रॅक लावणाऱ्या मुलाला हळूच विचारलं, "तीन सूर खाली घेता येईल का रे?" तो म्हणाला, "काकू, ओरिजिनल स्केललाच गायचं असतं, नाहीतर चीटिंग होतं." काकू "बरं" म्हणाल्या आणि पर्स उचलायला लागल्या. मी उठून त्याच्या लॅपटॉपजवळ गेलो. एका बटणाचं काम होतं, तीनदा दाबायचं.

दुसऱ्यांदा काकूंनी अंतरा डोळे मिटून म्हटला.