शिवरायांचे चित्र असलेले 'शिवकालीन नाणे': खुलासा

'रायगडावर राज्याभिषेकाच्या वेळी पाडलेले, महाराजांचे चित्र असलेले अस्सल नाणे' असा मजकूर आणि नाण्याचा फोटो सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. किंमत लाखांत सांगतात. हे नाणे शिवकालीन नाही.

१६७४च्या राज्याभिषेकानंतरचा सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई, दोन्हींवर फक्त अक्षरे आहेत. शिवराई हातात घेऊन बघा: एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसरीकडे दोन ओळींत 'छत्र पति', भोवती ठिपक्यांचे वर्तुळ. नाणे हाताने ठोकलेले, त्यामुळे ठसा बरेचदा सरकलेला असतो आणि एखादे अक्षर कडेबाहेर गेलेले दिसते. चेहरा कुठेही नाही. फारसीचा बोलबाला असताना राजाने देवनागरीत नाव कोरून घेतले, ही गोष्ट मला कुठल्याही चित्रापेक्षा मोठी वाटते.

महाराजांचे चित्र असलेले खरे नाणेही आहे, पण ते भारत सरकारचे: १९९९ सालचे दोन रुपयांचे, अकरा कोनांचे. ते चलनात होते, आजही सुट्ट्या पैशांत सापडू शकते.

फोटोतले नाणे गुळगुळीत, यंत्रावर पाडलेले आहे. अशी स्मरणमुद्रा घरात ठेवायला काहीच हरकत नाही. मात्र शिवकालीन म्हणून पैसे मोजू नका. जुनी नाणी विकून देतो म्हणत रिझर्व्ह बँकेच्या नावाने कुणी शुल्क किंवा कमिशन मागितले तर देऊ नका. आपण असे काही आकारत नाही, हे बँकेने २०२१मध्येच जाहीर केले आहे.