गळतीनंतरचे शिष्टाचार

आपले खाते ज्या वित्तसंस्थेत आहे, तिच्या संगणकातून आपले नाव, पत्ता, पॅन आणि मोबाइल क्रमांक कोणीतरी उचलून नेल्याचे पत्र आले, तर आपण सर्वप्रथम त्या पत्राच्या भाषेचे कौतुक करावे. ‘आपल्या माहितीची सुरक्षितता ही आमची सर्वोच्च बांधिलकी आहे’ या वाक्याने जे पत्र सुरू होते, त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात ती माहिती गेल्याचे लिहिलेले असते, आणि मध्ये ‘घटना’ हा शब्द इतक्या बेताने वापरलेला असतो की चोरी झाली की सत्यनारायणाची पूजा, हे चटकन कळू नये. मला असे पत्र आले तेव्हा मी इंदूरच्या नागरिकाला शोभेल असाच वागलो. ते वाचले, त्याची घडी घातली आणि सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकले. २०१७ मध्ये स्वच्छतेत देशात पहिल्या आलेल्या आणि नंतरही तो क्रमांक वर्षानुवर्षे न सोडलेल्या शहरात राहिले की कोणती वस्तू कुठे ठेवायची याची शिस्त अंगवळणी पडते. आमची माहिती सांभाळणाऱ्या संस्थेच्या दारावरून आमची कचरागाडी जात नसावी.

यानंतर घाई मुळीच करू नये. आपण न केलेला व्यवहार खात्यात झाल्याचा संदेश आला, तरीही करू नये. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने बँकांची मोठीच अडचण करून ठेवली आहे. चूक बँकेची असेल तर ग्राहकाने कळवो न कळवो, त्याची जबाबदारी शून्य. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, व्यवस्थेत तिसरीकडेच कुठेतरी आहे, असे असेल तर बँकेचा संदेश आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवणाऱ्याची जबाबदारीही शून्यच. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवणाऱ्या साध्या बचत खातेदाराला जास्तीत जास्त १०,००० रुपयांची झळ बसते, आणि सात दिवस उलटले की प्रकरण त्या बँकेच्या स्वतःच्या धोरणाच्या स्वाधीन होते. म्हणून ज्याला आपल्या बँकेविषयी खरा जिव्हाळा आहे, त्याने आठवा दिवस गाठावा. आपल्याकडे हे अवघड नाही. अनंत चतुर्दशीच्या झाक्या, त्यानंतरची जाग्रणे, रात्रीच्या खाण्यासाठी सराफ्याला न्यायचे नागपूरचे पाहुणे, एवढ्यात आठवडा सहज निघतो. संदेश आला तो दिवस आणि शाखा बंद असलेले दिवस मोजत नाहीत, हे लक्षात घेऊन थोडे जास्तच थांबावे. १९३० हा सायबर मदतीचा क्रमांक तर फिरवूच नये, कारण फोन लवकर गेला तर पैसे वाटेतच अडवले जाण्याचा धोका असतो.

मध्यंतरी एखाद्या भामट्याचा फोन आला आणि त्याला आपल्या कर्जाचा हप्ता, शाखा आणि जन्मतारीख पाठ असल्याचे दिसले, तर त्याच्या अभ्यासाने प्रभावित होऊन ओटीपी सांगून टाकावा. मग बँक म्हणेल की ओटीपी आपण दिला, म्हणजे निष्काळजीपणा आपला. येथे ‘त्याला माझा हप्ता कोणी सांगितला?’ असा प्रश्न विचारणे असभ्यपणाचे आहे. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकला आहे, हे तर शाखेत उच्चारूही नये. काउंटरवरचा तरुण नवा असतो, घाबरतो.

तक्रार करायचीच झाली तर तोंडी करावी, आणि ‘साहेब बघतो म्हणाले’ यावर संतोष मानावा. लेखी तक्रारीला तारीख असते, आणि तारखेचे दुष्परिणाम लांबवर पोहोचतात. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि २०२१ च्या योजनेप्रमाणे २० लाखांपर्यंत नुकसानभरपाई, शिवाय मनस्ताप आणि वाया गेलेला वेळ यांसाठी एक लाखापर्यंत रक्कम देण्याचा अधिकार त्याला मिळाला होता. जिल्हा ग्राहक आयोगाची वाट तर त्याहून घातक, कारण २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यातच दावा लावू दिला आहे आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत दिली आहे. बँकेचे मुख्यालय मुंबईला असो की चेन्नईला, तिचा वकील इंदूरला यायचा. एकाच गळतीत सापडलेल्या अनेकांच्या वतीने, आयोगाची परवानगी घेऊन, एकत्र तक्रारही करता येते. परंतु चार मराठी माणसे एकत्र आली की अध्यक्ष कोण, यावरच दोन वर्षे जातात, त्यामुळे बँकांनी फार काळजी करू नये.

आता थोडे भोपाळविषयी. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३-अ प्रमाणे, संवेदनशील माहिती सांभाळण्यात हयगय करून कोणाचे नुकसान करणाऱ्या कंपनीला भरपाई द्यावी लागते, आणि पाच कोटींपर्यंतचा असा दावा राज्याच्या, म्हणजे आमच्यासाठी भोपाळच्या, माहिती तंत्रज्ञान सचिवासमोर, न्यायनिर्णय अधिकारी या नात्याने, चालतो. ही सोय इतकी शांतपणे करून ठेवली आहे की बहुतेकांना तिची चाहूलही लागलेली नाही, आणि लागण्याआधीच ती काढून घेण्याची तरतूदही झालेली आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा पूर्णपणे अमलात आला की ४३-अ वगळले जाईल. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांना अठरा महिन्यांची सवलत मिळाली. नव्या कायद्यात सुरक्षेत कसूर करणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, हे वाचून माझा ऊर भरून आला होता. पुढे वाचले तेव्हा कळले की तो दंड भारताच्या संचित निधीत जमा होतो. ज्याची माहिती गेली त्याला भरपाई देण्याची तरतूद त्या कायद्यात नाही. म्हणजे घर माझे फुटले, आणि फुटल्याबद्दलची रक्कम सरकारच्या घरी. मात्र ग्राहकाला अगदीच विसरलेले नाहीत. खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केल्यास त्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

एक वाईट उदाहरण सांगणे भाग आहे. रामबागेत आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांच्या खात्यातून रक्कम गेली त्याच रात्री त्यांनी १९३० ला फोन लावला, सकाळी शाखेत अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घेतली, आणि कामकाजाच्या दहा दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करण्याचा नियम शाखाधिकाऱ्याला, मुलाला पाढे म्हणायला लावावेत तसा, दोनदा वाचायला लावला. रक्कम जमा झाली. मी त्यांना शेजारधर्म म्हणून समजावायला गेलो, आणि विचारले, ‘बाई, बँकेचे ते पत्र आपण कोणत्या डब्यात टाकलेत?’ त्यांनी शंभर पानी वही उघडली. पत्र डिंकाने चिकटवलेले होते, बाजूला लाल शाईने तारीख, आणि माझ्यासाठी चहा ठेवायला उठण्यापूर्वी त्यांनी विचारले, ‘तुमचे कुठे आहे?’