खाशाबांना पदक मिळाले ते सभागृह

१५ जानेवारीला, म्हणजे ऑलिंपिक पदकविजेते पैलवान खाशाबा जाधव यांच्या जयंतीला, आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन साजरा होतो. खाशाबांच्या प्रतिमेला हार घातले जातात आणि भाषणांत हेलसिंकीचे नाव हटकून येते. फिनलंडमधल्या या हेलसिंकीत त्यांना पदक नेमके कुठे मिळाले, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. ती जागा म्हणजे तोलो भागातले मेसुहाल्ली, १९३५ साली उभे राहिलेले प्रदर्शनाचे सभागृह. वास्तुविशारद आर्ने ह्यूटोनेन आणि रिस्तो-वेइक्को लुक्कोनेन यांनी ते आखले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे व्यापारी मेळे होते, पैलवान नव्हते.

टोकियोने सोडलेले १९४० चे ऑलिंपिक हेलसिंकीकडे आले आणि महायुद्धात बुडाले. अखेर १९५२ मध्ये ते तिथे भरले, तेव्हा याच इमारतीत कुस्ती, मुष्टियुद्ध, भारोत्तोलन आणि जिम्नॅस्टिक्स झाले. बास्केटबॉलचा अंतिम सामनाही इथलाच. त्यात अमेरिकेने सोव्हिएत संघाला ३६-२५ असे हरवले. (आज शाळकरी मुलांच्या सामन्यातही याहून जास्त गुण होतात, पण चेंडू किती वेळ हातात ठेवायचा यावर तेव्हा घड्याळाचे बंधन नव्हते.)

खाशाबा कराडजवळच्या गोळेश्वरचे, लाल मातीत घडलेले. आखाड्याच्या हौद्यातली माती पायाला धरून ठेवते आणि पडणाऱ्याला सांभाळून घेते. मॅटवर पायाची पकड वेगळी, तोल वेगळा आणि गुणांचा हिशेबही वेगळा. १९४८ मध्ये लंडनला मॅटवर ते सहावे आले होते. हेलसिंकीत ५७ किलो गटात त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले, मग जपानच्या शोहाची इशीशी त्यांची दीर्घ लढत झाली. ती संपताच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवसमोर उभे केले गेले आणि नियमाप्रमाणे मिळायची ती विश्रांती मागायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पैलवान तयार होता, त्याच्या पाठीशी व्यवस्था नव्हती. माझ्या मते त्या दिवसाची खरी गोष्ट हीच आहे, आणि नेमकी तीच भाषणांतून गळते.

या इमारतीचा पुढचा इतिहास मला त्या पदकाइतकाच महत्त्वाचा वाटतो. १९७५ मध्ये पासिला भागात नवे प्रदर्शन केंद्र झाले आणि जुने मेसुहाल्ली खेळांसाठी मोकळे झाले. शहराच्या मोक्याच्या जागी रिकामी झालेली एवढी मोठी वास्तू म्हटल्यावर आपल्याकडे काय काय प्रस्ताव आले असते, ते वेगळे सांगायला नको. हेलसिंकीने तिथे शहराचे क्रीडागृह केले. आज तोलो कीसाहाल्ली या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वास्तूत सामान्य नागरिक रोजच्या सरावाला आणि खेळायला येतात.

आपल्याकडे अनेक शहरांत प्रवास नेमका उलट्या दिशेने होतो. क्रीडागृह खेळांसाठी म्हणून बांधले जाते आणि पुढे सेल, मेळावे, स्नेहसंमेलने यांना तारखा मिळून जे दिवस उरतील ते खेळाडूंना मिळतात. भाड्याशिवाय देखभाल परवडत नाही, हा युक्तिवाद मी समजू शकतो. पण कुस्ती, कबड्डी आणि खो-खो हे आपले तिन्ही मैदानी खेळ आता मॅटवर गेले आहेत आणि पावसात भिजणाऱ्या मैदानावर मॅट टाकता येत नाही. त्यामुळे आमच्या नाशिकमध्ये जून ते सप्टेंबर या काळात सरावासाठी छप्पर ही चैन उरलेली नाही.

दिल्लीत कुस्तीच्या सभागृहाला खाशाबांचे नाव दिले, ते उचितच झाले. नाशिकपुरते माझे मागणे साधे आहे: नव्या भव्य स्टेडियमची घोषणा करण्याआधी शहरातल्या प्रत्येक क्रीडा सभागृहाच्या दारावर आठवड्याचे वेळापत्रक आणि तासाचे भाडे ठळक लिहिलेला फलक लावावा, आणि संध्याकाळचे तास पावसाळाभर मुलामुलींच्या सरावासाठी राखून ठेवावेत.